अंगावरची लव

दि. ४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पोर गेल्यापासून तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहिते. तिची खोली आवरवत नसेल तर राहू दे. घाई कुणाला आहे?

इकडे आमची चिऊ फार बारीक झाली आहे, पण शर्यतीत पहिली येते. ताटावर बोलावलं की मैदानावरून खाऊन आले म्हणते. भर उन्हात स्वेटर घालते. पाठीवर आणि दंडांवर मऊ लव आली आहे. चिऊला पिसं फुटली म्हणून मी चिडवते. नाडी संथ लागते, पण कसलेल्या धावपटूची अशीच असते, असं तिचे सर म्हणाले.

लोभ आहेच, दोन ओळींचा आळस सोड.

तुझी धाकटी

दि. ९ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

लव तान्ह्या बाळासारखी आहे का? आमच्या पोरीला तशी आली होती. ती गेल्यावर मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, ही येते कशासाठी? चरबी संपली की ऊब धरायला शरीर ती वाढवतं, असं त्या म्हणाल्या. मला नवल वाटलं. उपाशी शरीर काटकसर करतं. केस गळतात, पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, हृदय संथ चालतं. पुढे हृदयाचाच स्नायू झिजतो. ती गेली तेव्हाही आमच्या हातातले रक्ताचे रिपोर्ट चांगलेच होते.

चिऊची पाळी येते का? उठताना अंधारी येते का? 'जेव' म्हणून भांडू नकोस. उद्याच डॉक्टरांकडे ने, ईसीजी काढायला लाव. रागावलीस तरी चालेल.

माया आहे तशीच ठेव.

दादा

दि. २० जून

ती. मामास,
सा. न.

आधी सांगते, मी रागावले आहे. आईला लिहिलंस, मला का नाही?

ईसीजी पाहून डॉक्टरांनी मला घरी सोडलंच नाही. पळणं बंद. बाथरूमलाही नर्स सोबत. खायला चमचा चमचा देतात. एकदम दिलं तर हृदयाला झेपणार नाही म्हणे. आधी खा खा, आता हळू खा! तरी मला काही झालंय असं वाटतच नाही.

आईला विचारवत नाही म्हणून तुला विचारते. ताईलाही असंच वाटायचं का? खरं लिही. राग जाईपर्यंत नमस्कार अर्धाच समज.

चिऊ

दि. २३ जून

चि. चिऊस,
अ. उ. आ.

हो. शेवटच्या सकाळीही ती म्हणाली, "बाबा, मी ठणठणीत आहे." ती खोटं बोलत नव्हती.

अजून काय हवं ते विचार. तिच्याविषयी हल्ली मला कुणी काही विचारत नाही.

तुझा मामा