शिमग्याच्या आत शंभर कॅसेटी

४ जानेवारी २००२, शुक्रवार, मस्कत
...आणि परत तेच! अप्पा फोनवर म्हणतात, मेल्या, तुला पगार एसी दुरुस्तीचा मिळतो की बोंबलण्याचा? बोंबलणं नाही, पॉप आहे. तेही एक्सपरिमेंटल. पेटी नाही, तबला नाही. बिघडलेल्या कॉम्प्रेसरची घरघर आणि माझा आवाज. पूर्णगडात बसून अप्पांना काय कळणार? शेवटी पैज लागली. शिमग्याच्या आत शंभर कॅसेटी खपल्या तर नोकरी सोडून गावी यायचं, अप्पा हूं की चूं करणार नाहीत. नाही खपल्या तर गाणं कायमचं बंद.
विकायला हर्षद आहे. रत्नागिरीत कॅसेटचं दुकान. सातवीपर्यंत एका बाकावर होतो. पुढे तो आठवीत गेला.
ठराव: यंदा शिमग्यात देवाची पालखी माझ्या खांद्यावर.

१८ जानेवारी
हर्षदचा फोन. गाण्याच्या क्लासवाल्या आनंदीबाईंना ऐकवली. म्हणाल्या, अरे फ्रीज बिघडलाय तुझा, बघ जरा. काय कान आहे बाईंचा! कॉम्प्रेसर बरोब्बर ओळखला.

१ फेब्रुवारी
गावच्या धोंडूने आपल्या रिक्षात लावली. मारुती मंदिरचं गिऱ्हाईक माळनाक्यालाच उतरलं. म्हणालं, जातो मी चालत. गाणं असं पाहिजे, माणूस चालायला लागला पाहिजे.
हर्षदच्या दुकानात आलेल्या मृणालीने ऐकून विचारलं म्हणे, दुसरी बाजूपण अशीच हाय? उत्सुकता!
खप: तीन. पैकी एक चोरीला गेली. मागणी आहे.

२२ फेब्रुवारी
किंमत पंचवीसवरून पाच रुपये केली. हर्षद म्हणतो, आता कोऱ्या कॅसेटीपेक्षा स्वस्त पडते. धंद्यातली युक्ती.

१५ मार्च
खपल्या!!! उरलेल्या सत्त्याण्णव एका दमात! आमच्या गावच्या भागोजीकाकांनी नेल्या. म्हणे आंब्याच्या बागेत लावणार. संगीताने झाड वाढतं, हे मी कुठंतरी ऐकलं होतं.
मॅनेजरच्या टेबलावर राजीनामा ठेवला. इंग्रजीत. ‘आय गो होम.’

१७ मार्च
अप्पांचा फोन. हसून हसून त्यांना बोलवेना. भागोजीकाकांनी कॅसेटी फोडून आतल्या फिती कलमांवर ताणून बांधल्यात. उन्हात चमकतात, वाऱ्यावर गुरगुरतात, वांदर फिरकत नाही. वाजवली एकही नाही.
तरी खप तो खप. अप्पा म्हणाले, जिंकलास बाबा. ये खुशाल. पण पुढच्या महिन्यात खाशील काय, फिती?
विचारात पडलो.
मॅनेजरकडे गेलो. राजीनाम्यावर चहाचा कप. वाचलाच नव्हता. कप अलगद उचलला, कागद खिशात. दुसरा आल्बम झाला की बघू.

५ एप्रिल
शिमगा झाला. पालखी हर्षदने नाचवली.
अप्पांचा फोन. वांदरांना फितींची सवय झाली. आता खालीच बसतात, आंबे खातात, हुसकलं तरी उठत नाहीत. म्हणजे शेवटपर्यंत बसून ऐकणारं कुणीतरी निघालं!
पण भागोजीकाका घरी येऊन भांडले. तुझ्या पोराच्या मालात दम नाय म्हणाले. अप्पांनी भरपाई कबूल केलीय.
घरखर्चाचे नेहमीचे पाठवतोय. शिवाय माझे श्रोते हाकलायला लागणाऱ्या फटाक्यांसाठी, वेगळे, रुपये दोनशे.