गुलाबी येत नाही

चांदूर बाजार,
ता. १६ मे २०२५

चि. गजेंद्र यास,

बाबाचे आशीर्वाद. आम्ही दोघे बरे आहोत. ऊन फार आहे. तू डब्यातलं शिळं खाऊ नको.

पत्र फोटो छापायच्या मशीनबद्दल आहे. पुंजाराम उद्या अकोल्याला निघतो आहे, त्याच्या हाती देतो. सोबत फोटो आहे, तो उजेडात पाहा.

फोटोचं दुकान माझ्यावर टाकून तू तिकडच्या फोटो लॅबमध्ये गेलास, तेव्हा बजावलं होतंस की आठवड्यातून एक तरी रंगीत फोटो काढा, नाहीतर शाई सुकून नोझलचं बारीक तोंड बुजतं. मला नाही, आईला सांगितलंस. असो. मी एकही सोमवार चुकवला नाही. गिऱ्हाईक नसलं की आपला तिघांचा, बहिरमच्या जत्रेतला फोटो पुन्हा छापतो.

तरी गुलाबी रंग गेला. फोटोभर पांढऱ्या रेघा, आणि तुझी आई हिरवी. ती म्हणे, "माह्यं राणी कलरचं लुगडं कोणाले देलं तुमी?" तिला हसू येते, इकडे माझा जीव जातो. साफ करायचं बटण दाबून दाबून बोट दुखलं. रंग आला नाही, शाई मात्र अर्ध्यावर आली. चिडून मशीनला एक थापडही मारली.

मग आईने तुला फोन लावला. मी बाजूलाच होतो, हे तुला माहीत होतं.

"तो इचारते, मशीन बंद कुठून करता?"

"भिंतीवरच्या बोर्डावरून. त्याले सांग, रोज प्लगही काढतो मी."

"तो म्हणते, म्हूनच! आंधी मशीनचं बटन दाबा लागते. मंग त्याचं शाईचं डोक्सं जाग्यावर जाते, टोपी लागते त्याले. तुमी मधातच लाईन काटता. तोंड उघडं राहून सुकते."

"मंग हे त्यानं मले काहून नाही सांगतलं?"

आईने फोन माझ्यापुढे धरला. "घ्या, तुमीच इचारा."

मी घेतला नाही. तूही ठेवून दिलास.

वीज पडून मशीन जळेल या धाकाने मी प्लग काढत होतो रे. जपायलाच गेलो, आणि हे असं झालं.

आता बटणानेच बंद करतो. हवा कोरडी राहू नये म्हणून खिडकीला ओलं पोतं टांगलं आहे. सारखं साफ करू नका, एक रात्र तसंच राहू द्या, असं नंतर आईजवळ म्हणालास, तसंही केलं. रेघा कमी झाल्या. गुलाबी नाही.

छापत असेल तर रविवारी येऊन मशीन नेतो, नसेल तर येत नाही, भंगारात द्या, असं तू आईला म्हणालास. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. शेजारची सुभद्रा माझ्याबद्दल म्हणते, नत्थुजीले मशीनचं याड लागलं. मशीनचं मला काय करायचं आहे?

'छापते' असा निरोप पुंजारामसोबत धाडता आला असता. खोटं होईल म्हणून फोटोच पाठवतो. आईच्या लुगड्याला अजून रंग नाही. तिच्या दोन बाजूंना आपण दोघंही हिरवेच दिसतो. पण एका कागदावर दिसतो.

नाही आला गुलाबी, तरी रविवारी ये.

हा निरोप आईचा नाही.

तुझा बाबा