वेचलेला गहू

ब्रेस्तिक, १२ ऑक्टोबर १९७४

चि. रुझित्सास, मावशीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक, असं दरवेळी लिहिते. आज लिहवत नाही. तुझे झिवानकाका उन्हाळ्यापासून फिकुटले आहेत. तळहात तांब्याच्या रंगाचे झालेत. मला आधी तंबाखूचा डाग वाटला, साबणाने घासून काढायला बसले तर माझ्यावरच खेकसले. डॉक्टरकडे नेलं. त्याने खुर्चीतून न उठता सांगितलं की मूत्रपिंडं चालली. म्हणजे काय होतं, असं विचारलं तर म्हणाला, बाई, तुम्हाला कळायचं नाही. आता घरात एक पोरगी डॉक्टरकी शिकते आहे, तर मला का कळू नये? तू सोप्या भाषेत लिही. पोटात काय काय असतं आणि ते काय काम करतं, सगळं पहिल्यापासून.

तुझी आईही अशीच फिकट होत गेली होती. आपल्या खालच्या आळीत हे घरोघरी आहे, पण बोलत कुणी नाही. तूही बोलू नकोस. माझी यागोदा पंधरा पूर्ण झाली, आणि हल्ली सोयरीक घेऊन येणाऱ्या बायका चेहऱ्याआधी मुलीचा तळहात बघतात.

शनिवारच्या बसने नेहमीसारखा घरचा पाव आणि लाल मिरचीची चटणी पाठवली आहे. पाव पुरवून खा, मैत्रिणींना वाटत बसू नकोस.

तुझी मावशी,
स्तोयांका

बेलग्रेड, २० ऑक्टोबर १९७४

ती. स्तोयांकामावशीस रुझित्साचा सा. न. वि. वि.

पाव पोचला. बसवाल्याने कडेचा तुकडा मोडून खाल्ला होता, त्याची हजेरी घे.

आता धडा. काळीज आपल्या मुठीएवढं असतं आणि त्याला सुट्टी नाही. ते रक्ताला दोन फेऱ्या घालायला लावतं. पहिली फेरी फुप्फुसांकडे, तिथे वाईट हवा टाकायची आणि चांगली घ्यायची. दुसरी साऱ्या अंगभर. आपण पाव खातो त्याची पोटात लापशी होते, आतडी त्यातलं सत्त्व रक्तात सोडतात, आणि यकृत ते कोठीवाल्यासारखं लावून ठेवतं. एवढं सगळं चालतं म्हणजे केरही निघणारच. तो काढायचं काम मूत्रपिंडांचं. ती दोन असतात, कमरेच्या जरा वर, पाठीकडे.

एकेकात लाखो बारीक गाळण्या असतात. गंमत अशी, की त्या नुसता केर गाळत नाहीत. आधी रक्तातलं पाणी, साखर, मीठ सगळं बाहेर सांडतात, आणि मग पुढच्या नळ्या त्यातलं कामाचं तेवढं वेचून परत घेतात. तू परातीत गहू पसरून बसतेस ना, तसंच. फक्त तू खडे वेचतेस, त्या दाणे वेचतात. काकांची वेचणारी बोटं थकली आहेत, असं समज. रक्त वाढवायचा निरोपही मूत्रपिंडंच हाडांना देतात, म्हणून ते फिकट दिसतात. वाईट एवढंच, की ही जोडी मुकी आहे. अर्ध्याहून जास्त जाईपर्यंत दुखत नाही, खुपत नाही.

परवा वर्गात प्रत्येकाने स्वतःचीच लघवी तपासली. आम्ही हसून हसून बेजार. आम्लाचा थेंब टाकायचा, पाणी नितळ राहिलं तर ठीक. माझं जरा दुधाळ झालं. मास्तर म्हणाले, नळी नीट धुतली नसशील. तुझ्या हाताखाली वाढून मी भांडी धुवायला शिकले नाही म्हणायची!

काकांना नमस्कार, यागोदाला धपाटा. माया अशीच राहू दे.

तुझी,
रुझित्सा

ब्रेस्तिक, १७ नोव्हेंबर १९७४

चि. रुझित्सास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यागोदाने मोठ्याने वाचलं. काकांना फार आवडलं. म्हणाले, तीस वर्षं संसार केला पण आपल्या आत एवढी माणसं राबत होती हे कुणी सांगितलं नाही, नाहीतर त्यांनाही अधूनमधून आलुबुखाऱ्याची दारू पाजली असती. मग दमले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

जेवण जात नाही. तोंडाला सारखी वांतीची चव येते म्हणतात. खातात तो फक्त माझा पाव, दुधात कुस्करून. दुकानचा दिला तर म्हणतात, हा कापूस उशीत भर. तेव्हा निदान पाव तरी पोटात जातो आहे, हेच माझं समाधान.

शहरात रक्त धुण्याचं यंत्र आहे म्हणे. आमच्या डॉक्टरने नाव घातलंय, पण पुढे बरीच माणसं आहेत. तू एक सरळ सांग. ती बोटं पुन्हा कामाला लागतात का?

काळजीत असलेली,
मावशी

बेलग्रेड, १ डिसेंबर १९७४

ती. मावशीस सा. न. वि. वि.

सरळ विचारलंस म्हणून सरळ लिहिते. नाही लागत.

दुसरं लिहिते आहे ते वाचून माझ्यावर रागावशील. आमचे एक म्हातारे प्राध्यापक आहेत. या आजाराचं कारण बाकीचे म्हणतात विहिरीचं पाणी, कुणी म्हणतं धान्यावरची बुरशी. पण या प्राध्यापकांना संशय आहे तो एका तणाचा. आपल्या नदीकाठच्या शेतात उगवतं ते लांडगेपाय, हृदयासारख्या पानांचं, पिवळ्या फुलांचं. बैलसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. त्याचं बी गव्हाबरोबरच पिकतं, गव्हाबरोबरच कापलं जातं आणि गव्हाबरोबरच दळलं जातं. ते बरोबर त्या वेचणाऱ्या नळ्यांवरच बसतं, वर्षानुवर्षं, घासागणिक थोडं थोडं. वरच्या आळीचे लोक बाजारचं पीठ खातात, आणि तिथे हा आजार नाही. माझा तर विश्वास बसला आहे.

मावशी, तुझ्या पाया पडते. घरचा पाव बंद कर. यागोदाला तर अजिबात देऊ नकोस.

तुझी,
रुझित्सा

ब्रेस्तिक, २२ डिसेंबर १९७४

चि. रुझित्सास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं ते नेमकं संत निकोलाच्या दिवसाच्या तोंडावर. घरात पाहुणे, चुलीवर संताच्या नावाचा गहू शिजतोय, आणि मी वाचते आहे की मी नवऱ्याला विष घालते. वा गं वा! ह्याच पावावर तू वाढलीस. माझ्या आईने भाजला, सासूने भाजला. दोघीही गेल्या, हे खरं. पण मरतं तर कोण नाही?

यागोदाने काकांना सांगून टाकलं. ते इतकंच म्हणाले, की जन्मभर खाल्लं त्याचा आता हिशेब कशाला, आणि आणखी एक तुकडा मागितला. मी दिला. मरणाऱ्या माणसाला काय नाही म्हणू?

ह्या शनिवारी गाठोडं पाठवलेलं नाही.

स्तोयांका

ब्रेस्तिक, १८ मार्च १९७५

चि. रुझित्सास अनेक आशीर्वाद.

परवा काकांना जाऊन चाळीस दिवस झाले, चाळिसावा घातला. यंत्रासाठी बोलावणारं कार्ड त्याच्या आदल्या दिवशी आलं. मी ते चुलीत घातलं.

मातीच्या दिवशी तुझ्याशी धड बोलले नाही. पण एक पाहिलं होतं. कबरीपाशी मी शिजवलेला गहू सगळ्यांसमोर फिरवला, तेव्हा तुझ्यासमोर ताट आल्यावर तू क्षणभर थांबलीस. मला वाटलं, आता नको म्हणेल आणि चारचौघांत माझी शोभा करील. तू चमचा भरून घेतलास आणि गिळलास. सगळं ठाऊक असून गिळलास. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून चाळिसाव्याचा गहू मी आणि यागोदाने खिडकीशी बसून वेचला. आजवर मी खडे वेचत आले. हे बी चपटं, तपकिरी, मला कायम गव्हाचंच टरफल वाटत आलं. एका परातीत ओंजळभर निघालं, पोरी. मी ओंजळीकडे बघत बसले. आळीतल्या प्रत्येक मेलेल्यासाठी आम्ही हाच गहू शिजवला, आणि जिवंत होते त्यांना एकेक चमचा भरवला. तुझ्या आईच्या नावाचासुद्धा. तू तेव्हा सात वर्षांची होतीस, तुला गोड लागला म्हणून मी दुसरा चमचा दिला होता.

शेजारणींना बी दाखवलं. एकीने हात झटकले, दुसरी म्हणाली की हे बाहेर फुटलं तर आपला गहू आणि आपल्या पोरी दोन्ही पडून राहतील. झालं, विषय संपला.

मला क्षमा कर.

तुझी मावशी

बेलग्रेड, ३० मार्च १९७५

ती. मावशीस सा. न. वि. वि.

क्षमा कसली मागतेस? तू भरवलंस म्हणून मी जगले.

पण तुझ्यापासून लपवायचं नाही असं ठरवलं आहे. वर्गात माझं पाणी दुधाळ झालं होतं ना, ती नळी स्वच्छ होती. पुन्हा तपासलं, प्राध्यापकांनीही तपासलं. अगदी सुरुवात आहे, दहा-पंधरा वर्षं काही कळणारही नाही म्हणतात. आणि उपाय नाही. मला फार भीती वाटते, मावशी. दिवसभर पुस्तकात मूत्रपिंडाचं चित्र समोर असतं, आणि मला तेच पान उलटता येत नाही.

मी मागवलेली यागोदाच्या लघवीची बाटली तू पाठवली होतीस. तिचं पाणी नितळ आहे. आज तरी नितळ आहे. तिला माझ्याकडे दे. तूही ये.

तुझी,
रुझित्सा

ब्रेस्तिक, ६ एप्रिल १९७५

चि. रुझित्सास पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी एकटीने वाचलं, आणि मग गोठ्यात जाऊन रडले. गाय बघत होती.

मी येत नाही. काकांच्या वर्षश्राद्धाचा गहू कोण शिजवील? शिवाय माझे तळहात हिवाळ्यापासूनच तांबूस आहेत. यागोदासमोर मी पिठाचे हात धूतच नाही, म्हणून तिला दिसलेले नाहीत. तू इतक्यात सांगू नकोस.

येत्या शनिवारच्या बसने पाव येणार नाही. यागोदा येईल. बसवाल्याला सांगितलंय की हे गाठोडं वाटेत मोडायचं नाही. तिला कापसासारखा पाव आवडत नाही, रडेल, माझा मागेल. देऊ नकोस. ओरडलीस तरी चालेल, पण दुकानचाच घाल.

दोघी एकमेकींना धरून राहा.

तुझी मावशी,
स्तोयांका