दोनशे एकोणीसचं शून्य केल्याबद्दल

ती. स्व. आत्यास साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच घातला आहे, उरलेला भेटीत).

तुझा गुडघा काय म्हणतो? आतोबांचा खोकला थांबला, की अजून त्यांच्या आधी तोच खोलीत शिरतो? इकडे सगळे ठीक. माझी नोकरीही ठीक आहे, आणि ती तुझ्यामुळे ठीक आहे, हे सांगायला हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच बोलतेस.

माझं काम काय, असं तू नेहमी विचारतेस आणि मी ‘मोबाइलचं’ म्हणून सुटतो. आज नीट सांगतो. आमच्या खोलीत (थंडी एवढी की उन्हाळ्यातही स्वेटर घालून बसतो) दोन यंत्रं आहेत. कुठला फोन कुठे आहे याची नोंद पहिलं ठेवतं, त्या फोनांना इंटरनेटची वाट दुसरं उघडून देतं. दोघांमध्ये एक तार, आणि तारेवर बोलायची रीत ठरलेली. दर मिनिटाला पहिलं विचारतं, ‘आहेस का?’ दुसरं म्हणतं, ‘आहे,’ आणि सोबत एक आकडा सांगतं : आपण आजवर कितीदा बंद पडून उठलो. (तुमचं दोघांचंही सकाळी असंच चालतं, फक्त आकड्याशिवाय.) आकडा बदलला की पहिलं समजतं, गडी आत्ताच झोपून उठला, याला आता काही आठवत नसणार, आणि त्याच्याकडचे सगळे फोन एका फटक्यात काढून टाकतं.

हे मला तोंडपाठ होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. तरी मागच्या महिन्यात, दुपारी तीनला, दुसऱ्या यंत्राचं कार्ड बदलून जुन्या सेटिंग उतरवताना मला तिथे तोच उठण्याचा आकडा दिसला, दोनशे एकोणीस. आपल्या घराण्याची टापटीप माझ्यात पुरेपूर उतरली आहे, हे तू जाणतेसच. कोऱ्या करकरीत कार्डावर दोनशे एकोणीस मला उष्ट्या ताटासारखं वाटलं. मी त्याचं शून्य केलं आणि हात झटकून चहाला उठलो.

मिनिटभरात लाखभर फोनांचं इंटरनेट गेलं. ते सगळे एकदमच ‘आत घ्या’ म्हणून परत दारावर लोटले आणि दार तुंबलं. आमचे साहेब नेमके तेव्हा व्हिडिओवर मोठ्या साहेबांना आपलं नेटवर्क किती भरवशाचं आहे ते पटवून देत होते. ‘भरव’ एवढं म्हणून त्यांचं चित्र उघड्या तोंडानिशी थिजलं म्हणे.

नोकरी गेली, घराचं कसं होणार, बायकोला काय सांगू, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. मग वाटलं, दोनशे एकोणीस परत घालून टाकावं. बोट कळीवर ठेवलं, आणि आत्या, तेव्हा तू आठवलीस. तीस वर्षं तू एक्स्चेंजात ट्रंक कॉल जोडलेस, आणि घरी मला साधा गिझर लावायचा असला तरी ‘काय करतोयस ते आधी मोठ्यानं सांग, आणि कुणी ऐकतंय का बघ’ म्हणून दटावायचीस. (तेव्हा मनात तुला काय काय म्हणायचो ते लिहीत नाही.) सवयीनं मी मोठ्यानं बोललो, ‘आकडा परत दोनशे एकोणीस करतोय.’ शेजारच्या टेबलावरची बाई, जी एरवी माझ्याशी फक्त एसीवरून भांडते, मान वर न करता म्हणाली, ‘म्हणजे तो पुन्हा बदललेला दिसणार, आणि कसेबसे आत आलेले पुन्हा बाहेर.’

बोट काढून घेतलं. काही न करता बसून राहिलो, आणि पंचवीस मिनिटांत गर्दी आपली आपण ओसरली. चौकशीत सगळं सरळ कबूल केलं. साहेब म्हणाले, ‘एकदा पाडलंत, लेखी समज देतोय. दुसऱ्यांदा पाडलं असतंत तर घरीच पाठवलं असतं.’ आता खोलीतला प्रत्येक जण काहीही करण्याआधी मोठ्यानं बोलतो. ‘आत्या केलं का?’ असं एकमेकांना विचारतात. कुणाची आत्या, ते फक्त मला ठाऊक.

मी कधी बोलून दाखवत नाही, पण तू जे कान पिळलेस त्यावर आज माझी नोकरी उभी आहे. मनापासून आभार, आत्या.

तुझा भाचा

ता. क. : त्या दुपारी तीन वाजता व्हिडिओ कॉलवर तू जावईबापूंना चार शब्द सुनावत होतीस, आणि त्यांनी फोन तोंडावर बंद केला म्हणून महिनाभर अबोला धरला आहेस, असं ताईकडून कळलं.

आणखी एक ता. क. : ते बिचारे शपथेवर सांगताहेत की फोन आपोआप बंद झाला. तू म्हणालीस, ‘तीस वर्षं एक्स्चेंजात काढलीत मी, आपोआप काही बंद होत नसतं.’ तुझं बरोबर आहे. तो मीच बंद केला. त्यांच्याशी आजच बोल. नेट चालू आहे, आत्ताच बघून आलो.