घर कुठं?

कऱ्हाटी, मंगळवार, १२ जून १९५६

बारामतीच्या कचेरीत कारकून म्हणून आज माझी नेमणूक झाली! लेखी परीक्षेत पहिला आलो होतो, पण तोंडी परीक्षेत एका साहेबांनी विचारलं होतं, "घर कुठं तुमचं? गावात, की महारवाड्यात?" कारकुनीशी याचा काय संबंध? "महारवाड्यात," मी सांगितलं. शेजारी बसलेले मामलेदार लगेच म्हणाले, "ते राहू द्या. कामाचं विचारा." मग कामाच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी धडाधड दिली.

तरी तो प्रश्न अजून टोचतोय. घर कुठं म्हणे! उद्यापासून त्याच साहेबांच्या हाताखाली काम करायचंय. जमेल ना? जमेल.

आईला नेमणुकीचं सांगितलं, तर तिनं आधी विचारलं, "तितं खुर्चीवर बसायचं व्हय रं?"

"व्हय," म्हणालो.

चुलीपुढं ती किती तरी वेळ एकटीच हसत होती.