ताईच्या अर्जावर पालकाची सही

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर वाकत नाही, म्हणून उभ्यानेच केला आहे, पण भाव आडवा आहे असं समज.) तुझा उजवा गुडघा काय म्हणतो? डाव्याचं विचारत नाही, कारण तो पहिल्यापासून तुझ्यावर गेलेला, दुखलं तरी बोलायचा नाही. डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? गॅलरीतल्या कुंड्या, जिन्यातलं लंगडं मांजर आणि वरच्या मजल्यावर बासरी शिकणारे वकीलसाहेब, सगळे खुशाल असतील अशी आशा आहे. (वकीलसाहेबांची बासरी अजून खुशाल असेल, तर त्याबद्दल मनापासून सहानुभूती.)

पत्र लिहायची वेळ आली ती तुझ्या फोनमुळे. छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यावर माणसाला फोनचा वीट येतो, हे मला मान्य. पण म्हणून रिसीव्हर काढून उशीखाली ठेवायचा? मंगळवारपासून अकरा वेळा फिरवला, अकराही वेळा एंगेज. एकट्या बाईचा फोन चार-चार दिवस एंगेज, यावर सूनबाई म्हणाली, "आत्याबाईंचं कुठंतरी जमलंय वाटतं." पूल ओलांडून स्वतः येता आलं असतं, बसने पंचवीस मिनिटांचा तर रस्ता. पण समोर आलो की तू म्हणतेस, "आधी चहा घे," आणि कपातला चहा संपेपर्यंत माझा निश्चय संपलेला असतो. या वेळी तो संपू द्यायचा नाही असं ठरवलं आहे. म्हणून लेखी.

तर झालं असं. नातीची शाळा संपली, निकाल छान लागला आणि घरात कॉलेजचा विषय निघाला. आमच्या चिरंजीवांनी (चष्म्याचं दुकान टाकल्यापासून अख्ख्या जगाचा नंबर आपल्यालाच कळतो असं त्याला वाटतं) जेवता जेवता जाहीर केलं की आईबापांनी मुलांच्या कॉलेजची फी भरूच नये. आयतं मिळालं की किंमत राहत नाही. मुलीने दुपारची नोकरी धरावी, स्वतःची फी स्वतः भरावी, म्हणजे एक तास चुकवतानासुद्धा दहादा विचार करील. आता मुलांच्या शिक्षणाबद्दल माझी मतं तुला ठाऊक आहेत. मी घास खाली ठेवला आणि उभा राहिलो. (बसून बोललो तर मला कोणी ऐकत नाही. उभं राहिल्यावर निदान पाणी हवंय का असं तरी विचारतात.) म्हटलं, झाडाने कधी फळाला सांगितलंय का, की बाळा, तुझा गोडवा तू बाजारातून विकत आण? वाक्य मलाच इतकं आवडलं की मी जरा थांबलो. तेवढ्यात जिच्यासाठी हा सगळा घसा कोरडा करत होतो ती नात म्हणाली, "आजोबा, फळ शेवटी खालीच पडतं ना? मी बघते माझं. मला एका ठिकाणी नोकरीसाठी बोलावलंय पण." आपलाच अशील उलट साक्ष द्यायला लागल्यावर माणसाने काय करावं! सूनबाईंकडे आशेने पाहिलं, तर त्यांचा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवण्याचा अनुभव तयारच. "बापाने फी भरलेली असली ना, की ते ब्रेक दाबायचाच विसरतात." मी विचारलं, आणि ज्यांनी स्वतः भरलेली असते ते? "ते ब्रेकवरचा पायच काढत नाहीत. पेट्रोल वाचवतात."

मग चिरंजीवांनी नेम धरून विचारलं, "बाबा, तुमची फी कोणी भरली होती? आजोबांनी?"

ताई, मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, अण्णांचं सायकलचं दुकान तोवर बसलं होतं. माझी फी ताईने भरली, तिच्या पगारातून. "आणि आत्याची?" म्हटलं, तिला पुढे शिकायचंच नव्हतं, ती काठावर पास झाली होती. हे मी गेली अठ्ठावन्न वर्षं सांगत आलो आहे, अगदी चांगल्या मनाने सांगत आलो आहे, आणि दर वेळी वर जोडतो की ताईचं डोकं पुस्तकात नव्हतं पण मन मोठं होतं. सगळे मान डोलावतात.

वाद हरलो होतो, पण हार मानली नव्हती. झाडाच्या आणि फळाच्या आशयाची एक कविता शाळेत असताना आपण पाठ केली होती, ती पुराव्यादाखल दाखवावी म्हणून मी ट्रंक उघडली आणि माझी कवितांची वही काढली. तीच गं, बाईंनी फळ्यावर लिहिलेली प्रत्येक कविता मी जिच्यात उतरवून घ्यायचो, समासात वेलबुट्टी काढून. वही हातात आली की मी थोडा वेळ घरात नसतो. बाकावर सांडलेल्या शाईचा वास, पन्नास पोरांनी एका सुरात म्हटलेलं ध्रुवपद, आणि तू कठड्यावर बसून माझ्याकडून आठवं कडवं घोटून घेते आहेस... असो. (हे सुरू झालं की सूनबाई पंखा वाढवते.) वहीवर मी मागाहून चढवलेलं तपकिरी कव्हर वाळून पापडासारखं झालेलं, ते हातातच फाटलं. आत दुसरं कव्हर. जाड पाठकोरा कागद, कोरी बाजू वर, लिहिलेली आत. उलटून पाहिलं. तुझी गुणपत्रिका.

भाषा अठ्ठ्याऐंशी. गणित एक्क्याण्णव. शाळेत तिसरी.

आकडे मी तीनदा वाचले. पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं घरोघरचे मीटर वाचलेला माणूस आकड्यात चुकत नाही. मग तो दिवस आठवला. तू निकाल घेऊन आलीस. अण्णा दारात एका चाकाचे आरे ताणत बसले होते. तू म्हणालीस, "झाले पास. काठावर." आणि अण्णा म्हणाले, "चला, मग आता धाकट्याचंच बघू," आणि त्यांचा चेहरा कसा सैल पडला, तोही आठवला. मला तेव्हा वाटलं होतं की तू पास झाल्याचा त्यांना आनंद झाला. संध्याकाळी तू माझ्या वह्यांना कव्हरं घालायला बसलीस. कागद कमी पडला तेव्हा म्हणालीस, "थांब, माझ्याकडे एक आहे."

ताई, तू खोटारडी आहेस. मोठ्या बहिणीला असं लिहायची ही पहिलीच खेप, पण शब्द मागे घेणार नाही.

गुणपत्रिका मी जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवली. चिरंजीवांनी दुकानातलं भिंग काढून ती वरपासून खालपर्यंत वाचली, मागची बाजूसुद्धा. मग त्याने मुलीला म्हटलं, "तुझी आण बघू." तिची टक्केवारी त्याला तोंडपाठ होती, पण कागद हातात धरून प्रत्येक विषय त्याने पहिल्यांदाच वाचला असावा. रसायनशास्त्रापाशी भिंग थांबलं. "एवढे होते?" ती म्हणाली, "मी सांगितलं होतं. तुम्ही फ्रेम बसवत होता." मग तो म्हणाला, पहिल्या वर्षाची मी भरतो, पुढचं पुढे बघू. (आमच्या घरात 'बघू' म्हणजे हो.) पोरीने नोकरी धरायचं ठरवलं आहेच, फीसाठी नाही, तिला स्कूटर हवी आहे. असा तो वाद मिटला. माझा मिटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजात गेलो. माझा कवितासंग्रह छापायला बाजूला ठेवलेले पैसे खिशात होते. (ते त्या कामाला जाणार नाहीत हे कळल्यावर घरात जो आनंद पसरला तो मी पाठमोरा असूनही मला जाणवला.) फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, पालकांनी डावीकडून. खिडकी क्रमांक तीनपुढे दीड तास उभा होतो. पुढच्या मुलाने मला आपली जागा देऊ केली, मागच्या मुलीने विचारलं, "काका, तुमचं कोण आहे?" म्हटलं, मुलगी आहे एक, फार हुशार, पण घरच्यांनी लक्ष दिलं नाही. ती बिचारी हळहळली.

खिडकीतल्या बाई चटपटीत होत्या. विद्यार्थिनीचं वय? शहात्तर. बाईंनी सतरा लिहिलं. मी दुरुस्त केलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं (फ्रेम आमच्याच दुकानातली, पण ओळख काढली नाही) आणि संगणकात तुझं जन्मसाल शोधू लागल्या. यादी खाली खाली जात राहिली आणि एका जागी थांबली, तुझं साल काही आलं नाही. "काका, याच्या मते त्या जन्मल्याच नाहीत." म्हटलं, बाई, त्याच्या मताला काय विचारता, मी तिच्या हातचा मार खाल्ला आहे. शेवटी वरून कोणी साहेब आले, त्यांनी काहीतरी दाबलं आणि तू जन्मलीस. मग आला पालकाचा रकाना. तो रिकामा ठेवता येत नाही, वय कितीही असो, नियम म्हणजे नियम. मी माझं नाव लिहिलं. नातं : धाकटा भाऊ. बाई म्हणाल्या, "पालक मोठा हवा हो." म्हटलं, होतोय, कालपासूनच सुरुवात केली आहे.

खरी अडचण हमीपत्राची. माझी पाल्य कॉलेजातल्या नव्या मुलांना त्रास देणार नाही, दमदाटी करणार नाही, कोंडून ठेवणार नाही, असं पालकाने लिहून द्यायचं असतं. पेन हातात धरून मी बराच वेळ उभा राहिलो. नदीच्या कवितेचं आठवं कडवं येईना म्हणून मला कपड्यांच्या कपाटात कोणी कोंडलं होतं? आतून मी सातव्यापर्यंत तीनदा म्हटलं होतं! खोटी सही करणं माझ्या स्वभावात नाही. पण मागची रांग कुरकुरायला लागली, आणि माणूस वयाने निवळतो अशी आशा धरून मी सही केली. मला तोंडघशी पाडू नकोस.

आता तू काय म्हणशील ते मला सगळं पाठ आहे. गुडघे. वर्ग तळमजल्यावर आहे, मी पायऱ्या मोजून आलो, दोन आहेत आणि कठडा आहे. डोळे. चिरंजीव नवीन चष्मा देतो म्हणाला आहे, काचा चांगल्यातल्या. या वयात शिकून काय करायचं? मला दुसऱ्या वर्षी अर्थशास्त्राच्या पेपरात मागणी-पुरवठ्यावर चौदा ओळींची कविता लिहून शंभरात चार गुण मिळाले (वृत्त निर्दोष होतं), तेव्हा तू विचारलंस का, की तुझ्या पगाराचं मी काय केलं? नाही विचारलंस. "असू दे," म्हणालीस आणि पाणीपुरवठ्याच्या नोकरीचा अर्ज आणून दिलास. मग मीही विचारणार नाही. तू पहिली ये नाहीतर नापास हो, फी मी भरीन. आईबापांनी मुलांची फी भरावी की नाही यावर आमच्या टेबलावर अजून दोन मतं आहेत. पण अण्णांसमोर तो कागद आला असता, तर त्यांनी आरे ताणायचं सोडून काय केलं असतं, हे तू त्यांना ठरवूच दिलं नाहीस. ती संधी तू त्यांच्याकडून काढून घेतलीस. माझ्याकडून काढून घेऊ नकोस, ताई.

फी भरली आहे. परत मिळत नाही, हे मी मुद्दाम दोनदा विचारून खात्री करून घेतली. येत्या शुक्रवारी चार वाजेपर्यंत तुझी सही पोचली नाही, तर प्रवेशही रद्द आणि माझा कवितासंग्रहही गेला. तेव्हा वाङ्मयाचं नुकसान करायचं नसेल तर सही कर. (किंवा करायचं असेल तर कर, मला त्याने फरक पडत नाही. पण कर.)

कळावे, लोभ आहेच. चहा नको.

तुझा,
धाकटा

ता. क. : अर्ज सोबत आहे. पेन्सिलीने फुल्या मारल्या आहेत तिथे सह्या, एकूण पाच. फोटो दोन. ओळखपत्रावरचा नको, त्यात तू राँग नंबर लागल्यासारखी दिसतेस. गुरुवारी सकाळी सूनबाई शिकाऊची पाटी लावलेली गाडी घेऊन येईल आणि अर्ज नेईल. गाडी कोण चालवत असेल ते सांगता येत नाही, म्हणून तू जिन्यातच उभी राहा, रस्त्यावर येऊ नकोस.

ता. क. दुसरा : लिफाफ्यात अर्ज दोन आहेत, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. दुसरा माझा. खिडकीतल्या बाई पावती फाडता फाडता म्हणाल्या, "काका, तुमचं स्वतःचं किती झालंय?" आणि माझ्याने राहवलं नाही. पण तुझी फी भरल्यावर माझ्याकडे बसच्या तिकिटापुरतेच उरले होते. चिरंजीवांकडे मागितले, तर तो म्हणतो, बाबा, स्वतःची फी स्वतः भरावी. तेव्हा माझ्या अर्जात पालकाच्या रकान्यात तुझं नाव लिहिलं आहे, नातं : ताई, आणि फी तुलाच भरावी लागेल. तुला सवय आहे. हमीपत्रावर मात्र बिनधास्त सही कर, मी कोणाला त्रास देणारा नाही.

ता. क. तिसरा : वर्गातले बाक दोघा-दोघांचे आहेत. खिडकीकडची बाजू माझी. आत्ताच लिहून ठेवतो, नंतर भांडण नको.