पाखरांचे तळवे

आबा, काल तुमच्या नातीनं कॉकटील पाखरांची जोडी घरी आणली. पिंजऱ्यात बसायला प्लॅस्टिकच्या गुळगुळीत दांड्या, सगळ्या एकाच जाडीच्या. त्या मी काढून टाकल्या आणि आज परसातल्या पेरूची फांदी तोडली. ती घासायला बसले आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलायला लागले. म्हणून हे लिहितेय.

फौंड्रीतून आलात की तुम्ही आधी पिंजऱ्यापाशी जायचात. एकेक लव्हबर्ड अलगद उलटा धरून तळव्याला फोड आलाय का बघायचात. "एकाच जागी भार पडला की कातडं सोलतं. फांदी कुठं जाड, कुठं बारीक पायजे. पाखरू काय बोलून दावतंय व्हय?" फांदीसाठी आपण राधानगरीच्या रस्त्याला मामाच्या रानात जायचो. औषध मारलेलं झाड नको, कण्हेर तर अजिबातच नको. घरी आणून तुम्ही ती ब्रशनं घासायचात, कढत पाणी ओतायचात, सालीच्या भेगेत किडा राहिलाय का बघायचात. मग पत्र्यावर, कडक उन्हात. खडखडीत वाळल्याशिवाय पिंजऱ्यात जायची नाही.

शुगर तुम्हाला तेव्हाही होतीच. आई ओरडायची, "पाखरांचं तळवं बघताय, सवताचं बघा की कवातरी!" तुम्ही हसायचात. "मला कुठं काय दुखतंय?" दुखत नव्हतंच, आबा. शुगरनं पाय बधिर झाले होते, तेच वाईट होतं. एका संध्याकाळी तुमचा पायमोजा निघेना, रक्तानं चिकटलेला. बुटात लोखंडाचा तुकडा शिरला होता आणि तुम्ही दिवसभर त्याच्यावर उभे. आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय. "घरात कुणी पाय बघितला नाही?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आई भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

दवाखान्यातून आल्यावर तुम्ही खुर्चीत बसून फांदी मागितलीत. थोडी घासलीत आणि उरलेला पाय पुढं केलात. "जरा तळवा बघ गं माझा." असं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात. मी खाली बसून बघितलं. टाचेजवळ काळं पडलं होतं. मी बोटानं पुसून बघितलं, जाईना. तुम्ही म्हणालात, "बोल की."

"काळं पडलंय, आबा."

तुम्ही ब्रश खाली ठेवला नाही. "असू दे. एवढी फांदी हुंदे." ती फांदी पत्र्यावर वाळत होती तेव्हाच तुम्हाला ताप चढला, परत दवाखान्यात नेलं, आणि मग तुम्ही घरी आलाच नाहीत. आईनं पाखरं पिंजऱ्यासकट पलीकडच्या गल्लीत देऊन टाकली. तिला तो आवाज सोसत नव्हता.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एक सांगून टाकते. मला पाखरं कधीच आवडली नाहीत. त्यांच्या कलकलाटानं डोकं उठायचं माझं. तुमच्याशेजारी बसायला मिळायचं, एवढंच.